वनस्पती, जीवनसत्त्व आणि प्रमाण

नागपूरच्या जुन्या वस्त्यांत सदाफुलीचे रोप मुद्दाम लावावे लागत नाही. महालातील एखाद्या वाड्याच्या भिंतीच्या भेगेत, रेल्वे क्वार्टरांच्या कुंपणाशी, शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ ते आपले आपण उगवते, वैशाखातील उन्हालाही दाद न देता फुलत राहते आणि सकाळच्या पूजेला दोन फुले देऊन जाते. त्याच शहरातील कर्करोग रुग्णालयात एखाद्या लहान मुलाच्या शिरेत जे रंगहीन औषध अतिशय काळजीपूर्वक सोडले जाते, त्या व्हिन्क्रिस्टीनचा उगम याच रोपाच्या पानात आहे. अंगणातील रोप आणि रुग्णालयातील कुपी यांमधील अंतर रस्त्याने मोजले, तर चार-दोन किलोमीटरांचे भरेल. ज्ञानाच्या मापाने मोजले, तर ते अनेक वर्षांच्या परिश्रमांचे, असंख्य फसलेल्या प्रयोगांचे आणि मिलिग्रॅमच्या अंशापर्यंत जाणाऱ्या हिशेबाचे अंतर आहे. हे दुसरे अंतर नजरेआड केले की काय अनर्थ ओढवतो, याचा विचार आज करावयास हवा.

हा विचार आजच करण्याचे कारण आहे. वनस्पतींतील काही द्रव्ये आणि काही जीवनसत्त्वे यांची जोडी जमवून रक्ताच्या कर्करोगाला, म्हणजे ल्युकेमियाला, आवर घालता येईल काय, या दिशेने गेली काही दशके जगात ठिकठिकाणी गंभीर संशोधन चालू आहे. त्यातील निष्कर्ष आशादायकही आहेत. परंतु हे निष्कर्ष प्रयोगशाळेतून मथळ्यांत आणि मथळ्यांतून मोबाईलवरील संदेशांत उतरतात, तेव्हा त्यांतील ‘जर’ आणि ‘तर’ वाटेतच गळून पडतात. उरते ते एवढेच : अमुक पाला आणि तमुक गोळी घेतली की रक्ताचा कर्करोग बरा होतो. आजारी मुलाच्या आईबापांना याहून अधिक काही ऐकण्याची इच्छा नसते, आणि त्यांना ते सांगणाराही सहसा कोणी भेटत नाही.

सदाफुलीचा धडा

वनस्पतींतून औषध मिळते, ही गोष्ट खोटी नाही. किंबहुना ल्युकेमियाच्या बाबतीत ती जितकी खरी ठरली, तितकी फार थोड्या रोगांच्या बाबतीत ठरली असेल. सदाफुली मूळची मादागास्करची. उष्ण प्रदेशांत ती पसरली आणि अनेक ठिकाणी मधुमेहावरील घरगुती उपाय म्हणून तिच्या पानांचा काढा घेतला जाऊ लागला. जमैकातून अशीच पाने १९५२ मध्ये कॅनडात पोहोचली. तेथील वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी ती मधुमेहासाठीच तपासावयास घेतली. तोंडावाटे दिलेल्या अर्काने उंदरांच्या रक्तातील साखर तसूभरही हलली नाही. अर्क टोचून दिला, तेव्हा मात्र उंदीर जंतुसंसर्गाने मेले. दुसरा एखादा संशोधक येथेच थांबला असता. या दोघांनी उंदीर का मेले, हे पाहिले. रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या होत्या आणि अस्थिमज्जा दुबळी झाली होती. ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या रोगावर हेच द्रव्य उपयोगी पडेल, हा विचार तेथून निघाला. १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टीनची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास एली लिली कंपनीतील गॉर्डन स्वोबोदा हेही स्वतंत्र वाटेने याच वनस्पतीपर्यंत पोहोचले होते. मुलांच्या ल्युकेमियात आजही अपरिहार्य असलेल्या व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली.

या इतिहासातून परंपरेचे अभिमानी आणि परंपरेचे निंदक या दोघांनीही शिकण्यासारखे आहे. लोकपरंपरेने रोप दाखविले, हे खरे; परंतु रोग भलताच दाखविला, हेही तितकेच खरे. परंपरेला हसणाऱ्याच्या हाती हे औषध कधी लागले नसते आणि परंपरेवर डोळे मिटून विसंबणारा आजही मधुमेहासाठी काढाच उकळीत बसला असता. दोघांमधून वाट काढली ती तपासणीने.

आता प्रमाणाचा प्रश्न. सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइडे आहेत आणि त्यांत व्हिन्क्रिस्टीनचा अंश इतका अल्प आहे की टनभर वाळलेल्या पानांतून ते जेमतेम काही ग्रॅम मिळते. मुलाला द्यावयाची मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरला सुमारे दीड मिलिग्रॅम आणि एका वेळी साधारणतः दोन मिलिग्रॅमच्या आत ठेवली जाते. ती ओलांडली, तर मज्जातंतूंना इजा होते, हातापायांतील बळ जाते. हेच औषध शिरेऐवजी चुकून पाठीच्या कण्यात टोचले गेले, तर मृत्यू जवळजवळ अटळ ठरतो. जे द्रव्य रुग्णालयातही एवढ्या धाकात वापरावे लागते, त्याच्या रोपाची पाने वाटून मुलाला पाजणे म्हणजे डोळे बांधून वजन करणे होय. त्यात औषध किती गेले आणि विष किती गेले, हे पाजणाऱ्यालाही कळत नाही आणि उपचार करणाऱ्यालाही.

या औषधाच्या कथेत महाराष्ट्राचाही वाटा आहे, तो अभिमानाने सांगावयास हवा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने सिप्ला या मुंबईच्या कंपनीने १९८४ मध्ये व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन देशातच तयार करण्याची पद्धत विकसित केली. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियासाठी ‘एमसीपी-८४१’ ही आखीव उपचारपद्धती सुरू झाली. व्हिन्क्रिस्टीन हा तिचा एक आधारस्तंभ होता. कोणते औषध, कोणत्या दिवशी, किती, हे सर्वांसाठी एकाच रीतीने ठरले आणि नोंदले गेले; पुढे देशातील अन्य केंद्रांनीही ती पद्धत स्वीकारली आणि वाचणाऱ्या मुलांची संख्या वाढत गेली. येथे नव्या चमत्कारिक औषधाचा शोध लागला नव्हता. उपलब्ध औषधे शिस्तीने दिली गेली, एवढेच झाले होते.

अन्न आणि शत्रू

वनस्पतीविषयी लोकांच्या मनात निदान थोडी धास्ती तरी असते. जीवनसत्त्वाविषयी तीही नसते. ‘जीवन’ आणि ‘सत्त्व’ हे दोनच शब्द असे आहेत की त्यांच्यापासून अपाय संभवतो, हे मनाला पटतच नाही. परंतु ल्युकेमियाच्या उपचारांचा आधुनिक इतिहास सुरू होतो तो एका जीवनसत्त्वाच्या अपायापासूनच, आणि त्या इतिहासाचे पहिले पान मुंबईत लिहिले गेले आहे.

१९२८ मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना जडणाऱ्या प्राणघातक रक्तक्षयाचे कारण शोधणे, हे त्यांचे काम होते. तो संसर्गाने होत नसून निकृष्ट आहारामुळे होतो, हे त्यांनी दाखविले आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो, असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्य १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. नावातच वनस्पती असलेले हे जीवनसत्त्व पुढे लेडर्ली प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या पथकाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते.

रक्तक्षयात जे रक्त वाढविते, ते ल्युकेमियातही रक्त सुधारील, हा तर्क सरळ होता. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांच्या देखरेखीखाली ल्युकेमियाच्या रुग्णांना फॉलिक आम्लाची संयुगे देण्यात आली. परिणाम उलटाच दिसला. रोगाने अधिक वेग घेतला. कारण ल्युकेमियाची पेशी ही उपाशी पेशी नव्हे. ती हावरी पेशी आहे. तिला विभाजनासाठी हे जीवनसत्त्व लागते आणि ते मिळताच ती अधिक फोफावते. फार्बर यांनी या अनिष्टातून इष्ट शोधले. फॉलिक आम्लासारखे दिसणारे, परंतु पेशीला फसविणारे अमिनोप्टेरिन सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून मिळाले. ते सोळा मुलांना देण्यात आले आणि त्यांपैकी दहांत सुधारणा झाली, असे १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. ती सुधारणा तात्पुरती होती. परंतु त्यापूर्वी या रोगापुढे वैद्यक पूर्णपणे हतबल होते. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारांत आहे. प्रगत देशांत या रोगाची दहांपैकी सुमारे नऊ मुले आज वाचतात. त्या वाटचालीचा आरंभ असा एका जीवनसत्त्वाला विरोध करण्यातून झाला.

विदर्भातील वाचकाला याचा अर्थ इतरांपेक्षा अधिक जवळून कळावा. या भागात सिकलसेलचा आजार पिढ्यान् पिढ्या घरोघर आहे. त्या आजारात तांबड्या पेशी अकाली नष्ट होतात, शरीराला त्या सतत नव्याने घडवाव्या लागतात, म्हणून रुग्णाला फॉलिक आम्लाची गोळी नेमाने दिली जाते आणि ती योग्यच आहे. आरोग्य केंद्रातील परिचारिका, शाळेतील शिक्षक, अंगणवाडीच्या ताई या सर्वांनी वर्षानुवर्षे सांगून ‘रक्ताच्या आजाराला ही गोळी चांगली’ हा संस्कार रुजविला आहे. आता त्याच आळीतील दुसऱ्या घरी मुलाला ल्युकेमिया झाला, तो मेथोट्रेक्सेट घेत आहे आणि शेजारीण कळवळ्याने तीच गोळी आणून देते, असे समजा. तिचा हेतू निर्मळ आहे, गोळी खरी आहे, आजार दोन्हीकडे ‘रक्ताचाच’ आहे. तरीही डॉक्टरांना न विचारता दिलेली ती गोळी औषधाचा डाव मोडू शकते. एका घरी जे अन्न, तेच शेजारच्या घरी शत्रूची रसद!

एवढ्यावरही हे प्रकरण संपत नाही. मेथोट्रेक्सेटची फार मोठी मात्रा दिल्यानंतर निरोगी पेशींना वाचविण्यासाठी डॉक्टर स्वतःच याच जीवनसत्त्वाचे एक रूप, फॉलिनिक आम्ल, ठरलेल्या तासाला देतात. उशीर झाला तर रुग्ण धोक्यात येतो. घाई झाली तर औषध वाया जाते. तेव्हा जीवनसत्त्व चांगले की वाईट, हा प्रश्नच निरर्थक आहे. कोणाला, किती आणि केव्हा, हे तीन प्रश्न अर्थपूर्ण आहेत.

जोडीचे गणित

वनस्पती आणि जीवनसत्त्व यांच्या जोडीविषयी आज जे संशोधन चालू आहे, ते या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. त्यामागील कल्पना मोठी मनोज्ञ आहे. ल्युकेमियाची पेशी म्हणजे एका अर्थी वयात न येणारी पेशी. तिला ठार मारण्याऐवजी पक्व होण्यास भाग पाडले, तर ती आपल्या नैसर्गिक क्रमाने आयुष्य संपवील. ही कल्पना एका ठिकाणी संपूर्ण यशस्वी झाली आहे. शांघायमधील वांग झेन्यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वापासून निघणारे रेटिनोइक आम्ल ल्युकेमियाच्या प्रोमायलोसायटिक नावाच्या प्रकारात वापरले. १९८८ मध्ये त्यांनी चोवीस रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या सर्वांच्या रोगाने माघार घेतली होती. पुढे त्याला आर्सेनिक ट्रायऑक्साइडची, म्हणजे आपल्याकडील वैद्यांना परिचित असलेल्या सोमलाची, जोड मिळाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत या जोडीने, कमी ते मध्यम धोक्याच्या रुग्णांपैकी ९७ टक्के दोन वर्षांनंतर रोगाच्या उलटीविना सुखरूप होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाने तर, महागडी औषधे न परवडणाऱ्या रुग्णांचा विचार करून, केवळ आर्सेनिकवर बहात्तर रुग्णांचे उपचार केले आणि त्यांपैकी सुमारे ८६ टक्के रुग्णांत रोग पूर्णपणे हटल्याचे २००६ मध्ये दाखवून दिले.

परंतु या यशाचा अर्थ गाजर खाऊन ल्युकेमिया जातो, असा नाही; आणि सोमल खाऊन जातो, असा तर मुळीच नाही. हे यश एकाच प्रकारच्या ल्युकेमियापुरते आहे, कारण त्या प्रकारात बिघडलेला जनुक नेमका या आम्लाच्या कक्षेत येतो. शिवाय या उपचारातही पेशी झपाट्याने पक्व होताना श्वास कोंडून रुग्ण दगावण्याचा धोका असतो आणि म्हणून तो रुग्णालयातच द्यावा लागतो.

दुसरे उदाहरण ‘ड’ जीवनसत्त्वाचे. त्याच्या सक्रिय रूपाने ल्युकेमियाच्या पेशी पक्व होऊ शकतात, हे जपानी संशोधकांनी १९८१ मध्ये दाखविले. अडचण अशी की त्यासाठी लागणारी मात्रा शरीरात दिली, तर रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीला जाते. येथे वनस्पती मदतीला आली. रोझमेरी या सुगंधी झुडपातील कार्नोसिक आम्ल सोबत दिले, तर ‘ड’ जीवनसत्त्वाची थोडी मात्राही अधिक परिणाम करते, असे इस्राएलमधील मायकेल डॅनिलेन्को आणि अमेरिकेतील जॉर्ज स्टुडझिन्स्की यांच्या गटांनी या शतकाच्या आरंभापासूनच्या प्रयोगांत दाखविले. कल्पना सुंदर आहे, पुरावाही खरा आहे; परंतु तो मुख्यतः काचपात्रातील पेशींचा आणि उंदरांचा आहे. काचपात्राला यकृत नसते, मूत्रपिंड नसते, ताप येत नाही आणि त्याच्या उशाशी कोणी रडत बसलेले नसते. तेथून माणसाच्या शिरेपर्यंतचा मार्ग अद्याप चालून व्हावयाचा आहे.

संत्र्यांच्या या शहराला ‘क’ जीवनसत्त्वाचे उदाहरण सर्वांत जवळचे वाटावे. २०१७ मध्ये दोन नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी असे दाखविले की उंदरांमध्ये ‘क’ जीवनसत्त्वाची उणीव ल्युकेमियाला पोषक ठरते आणि त्याचा भरपूर पुरवठा एका विशिष्ट जनुकाच्या उणिवेतून वाढणाऱ्या रोगाला आळा घालतो. ही बातमी सर्वदूर गेली. तिच्याआधी नऊ वर्षे, २००८ मध्ये, न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखविलेली दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगितली नाही : पेशींना आधीच ‘क’ जीवनसत्त्व पुरविले, तर व्हिन्क्रिस्टीन, मेथोट्रेक्सेट यांसारख्या औषधांचा मारा बोथट होतो. सदाफुलीचे औषध आणि संत्र्याचे जीवनसत्त्व एकमेकांचे मित्रही असू शकतात आणि वैरीही. जेवणानंतर संत्र्याच्या चार फोडी खाण्याला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मूठभर गोळ्यांच्या रूपाने आणि सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या प्रचंड मात्रांचा.

हळद आणि मिरे यांची गोष्टही अशीच. दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत वीस मिलिग्रॅम पिपरीन दिले, तर माणसाच्या रक्तात पोहोचणारे कर्क्युमिन वीस पटींनी वाढते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. हळद विकणाऱ्यांनी हे मोठ्या अक्षरांत छापले. त्याची दुसरी बाजू कोणी छापली नाही : यकृतातील जी विकरे शरीरात येणाऱ्या द्रव्यांचा निचरा करतात, त्यांना पिपरीन अडविते, आणि व्हिन्क्रिस्टीनचा निचराही अशाच विकरांवर अवलंबून असतो. काही बुरशीनाशक औषधांनी हा निचरा मंदावला की मज्जातंतूंची इजा वाढते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. वरणातील चिमूटभर हळदीने असे होत नाही. परंतु संहत स्वरूपातील कॅप्सूल ही वरणातील हळद नव्हे.

होकाराइतकाच नकारही मोलाचा

यावर कोणी म्हणेल की मग वनस्पतींच्या संशोधनाचा नादच सोडावा. तसे म्हणणे अविचाराचे होईल. मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात सह्याद्रीत आढळणाऱ्या डायसॉक्सिलम कुळातील एका वृक्षापासून रोहिटुकिन हे द्रव्य मिळविले. त्याच्या रचनेवरून फ्लॅव्होपिरिडॉल तयार झाले आणि पुढे अमेरिकेत ल्युकेमियाच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या. आशा मोठी होती. परंतु तीन दशके उलटूनही ते नेहमीच्या उपचारांत स्थान मिळवू शकले नाही. यात मुलुंडच्या शास्त्रज्ञांचा पराभव झाला, असे समजण्याचे कारण नाही. पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या विकरांवर औषध शोधण्याची एक नवी दिशा त्यातून खुली झाली. शास्त्राचे मोठेपण यातच आहे की ते आपल्या आवडत्या द्रव्यालाही कसोटीवर नापास करू शकते. जे शास्त्र कधी ‘नाही’ म्हणत नाही, त्याच्या ‘होय’ला किंमत नसते, आणि जाहिरात कधीच ‘नाही’ म्हणत नाही.

मराठीत ‘प्रमाण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : मात्रा आणि पुरावा. वनस्पती असो की जीवनसत्त्व, ही दोन्ही प्रमाणे जुळली, तरच त्याचे औषध होते. पुरावा असून मात्रा चुकली, तर तेच औषध घातक होते. मात्रा मोजली आणि पुरावा नसला, तर ती केवळ व्यवस्थित केलेली फसवणूक ठरते.

दोष कोणाचा?

तथापि घरच्या काढ्यांचा आणि गुपचूप दिलेल्या गोळ्यांचा सारा दोष आईबापांच्या अज्ञानावर ढकलणे अन्यायाचे होईल. मुलांच्या ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. गडचिरोलीचा किंवा यवतमाळचा शेतमजूर नागपुरात येतो, तेव्हा औषधाचा खर्च शासकीय योजनेतून निघाला, तरी बुडालेली मजुरी, गाडीभाडे आणि राहण्याची सोय कोणत्याही योजनेत पुरती बसत नाही. पहिल्या महिन्यात ताप उतरतो, मूल खेळू लागते, आणि मग गावचा कोणी म्हणतो की आता इंजेक्शने कशाला, पाला आहे ना! डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलेले शब्द समजलेले नसतात. पाला देणारा मात्र तासभर बसून ऐकतो. लोक विज्ञानाला सोडून जातात, ते पुष्कळदा विज्ञान त्यांच्याशी बोलत नाही म्हणून.

रुग्णालयांतही एक सवय मुरलेली आहे. काढ्याचे नाव काढले की रुग्णाला दटावले जाते. दटावल्याने काढा बंद होत नाही. तो सांगणे बंद होते. आणि जे डॉक्टरांना सांगितले जात नाही, तेच सर्वांत अधिक धोक्याचे असते.

नागपूरने काय करावे?

या शहराजवळ साधने नाहीत, असे म्हणता येणार नाही. येथे जुने शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, मिहानमधील एम्स आहे. विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही याच शहरात आहे. वनस्पती ओळखणारे, तिचा अर्क तपासणारे, रक्त पाहणारे आणि रुग्ण सांभाळणारे असे सारे एका गावात असताना त्यांनी एकमेकांच्या दारात जाऊ नये, ही खेदाची गोष्ट होईल.

त्यांनी आरंभ नव्या औषधाच्या शोधाने करण्याची गरज नाही. आरंभ एका साध्या प्रश्नाने व्हावा. ल्युकेमियाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर एक रकाना असावा : ‘घरून आणखी काय देता?’ तो मराठीत, हिंदीत, गोंडीत विचारला जावा आणि उत्तर ऐकून कपाळाला आठी पडू नये. अशा नोंदी पाच वर्षे नेमाने झाल्या, तर विदर्भात नेमक्या कोणत्या वनस्पती आणि कोणत्या गोळ्या उपचारांसोबत दिल्या जातात, याचे चित्र प्रथमच हाती येईल. त्यांतील कोणत्या घातक, कोणत्या निरुपद्रवी आणि कोणत्या खरोखर तपासण्याजोग्या, हे विद्यापीठाच्या प्रयोगशाळांना त्यावरून ठरविता येईल. तपासणीचा निष्कर्ष नकारात्मक आला, तरी तो प्रसिद्ध करावा.

शासनाचे कामही यात आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. कायदा जुना आहे, स्पष्ट आहे. त्याची अंमलबजावणी तेवढी व्हावयास हवी. आणि उपचार मध्येच सुटू नयेत, म्हणून रुग्णासोबतच्या माणसाच्या प्रवासाची आणि निवासाची तरतूद औषधाइतकीच आवश्यक मानली जावी. मुंबईत बसून हे दिसणे कठीण असते. नागपूरच्या रेल्वे स्थानकावर रात्र काढणाऱ्या कुटुंबाला ते सांगावे लागत नाही.

उरला प्रश्न सुशिक्षितांचा. खेड्यातील माणूस रुग्णालयाचा कागद घेऊन प्रथम जातो, तो गावच्या गुरुजींकडे किंवा तालुक्याच्या कचेरीतील ओळखीच्या कारकुनाकडे. इंग्रजीतील तो कागद वाचून दाखविणारा माणूस हा त्या कुटुंबाच्या दृष्टीने अर्धा डॉक्टरच असतो. मोबाईलवर आलेला उपाय त्याच्याच तोंडून गेला, तर त्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळते. ‘हे डॉक्टरांना विचारून मगच द्या’ हे वाक्य त्याच्या तोंडून गेले, तर त्यालाही तीच प्रतिष्ठा मिळते. महाविद्यालयातील विद्यार्थ्यानेही हे लक्षात ठेवावे की संदेश पुढे पाठविणे ही कृती आहे आणि तिचा परिणाम कोणाच्या तरी रक्तात होऊ शकतो.

सदाफुलीच्या रोपाचे पान आणि यीस्टमधील जीवनसत्त्व, दोन्ही माणसाच्या कामी आली आहेत आणि पुढेही येतील. त्यांची नवी जोडी उद्या ल्युकेमियाच्या एखाद्या असाध्य प्रकारावर उतारा ठरली, तर त्याचा आनंद सर्वांनाच होईल. ती जोडी जुळवावयाची आहे प्रयोगशाळेत, चाचणीत आणि उघड्या नोंदवहीत. स्वयंपाकघरात ती अंदाजाने जुळविली गेली, तर त्या चुकीची किंमत एखाद्या मुलाला मोजावी लागेल. त्या मुलाचा उपचार पुरा व्हावा, एवढ्यासाठी तरी त्या केसपेपरवर हा एक रकाना वाढविण्यास या शहराने आता विलंब लावू नये.